पाहा विभाग ६.३

माझ्या मेहुण्याला चारचौघांत मान खाली घालायला लावायची, ही एक इच्छा मी दोन वर्षं जपली. सकाळी केडगावहून मोटरसायकल काढली की चौफुला, पारगावचा पूल, न्हावरे आणि मग शिरूर, एवढ्या रस्त्यात मी तिला रोज थोडं खाऊ घालत असे. हेल्मेटच्या आत माणूस काय पुटपुटतो ते कुणाला ऐकू जात नाही.

शिरूरला एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमची छोटी कंपनी आहे. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो. शेतकऱ्याचं दूध मापात आलं, मशीननं फॅट सांगितलं, की ते आकडे कॉम्प्युटरवर चढतात आणि पावती निघते. मी प्रोग्रामर नाही. मी केडगावला एका लहान छापखान्यात मुद्रितं तपासत होतो. छापखाना बंद पडला तेव्हा बायकोच्या धाकट्या भावानं, म्हणजे ह्याच मेहुण्यानं, मला इथं चिकटवलं. केंद्रांवर सॉफ्टवेअर बसवणाऱ्या लोकांचा तो प्रमुख होता. ते सॉफ्टवेअर कसं वापरायचं याचं पुस्तक मराठीत लिहायचं, हे माझं काम.

त्याचा उपकार खरा होता. पण तो उपकार त्यानं कधी पोटात ठेवला नाही. नाताळचं जेवण असो की कुणाच्या बाळाचा बाप्तिस्मा, पंगत बसली की तो सुरू व्हायचा.

"दाजी, मी नसतो तर आज तुम्ही चौफुल्यावर रसाचं गुऱ्हाळ चालवत असता."

"गुऱ्हाळ बरं," त्याचा कुणीतरी चुलतभाऊ म्हणायचा, "निदान गोड तरी बोलले असते."

सगळे हसायचे. मीही हसायचो आणि वाढणाऱ्याकडं पाणी मागायचो.

पुस्तक मात्र मी जीव लावून लिहिलं होतं. त्यातली दोन प्रकरणं महत्त्वाची होती. पाचवं प्रकरण तपासणीचं. भरलेला आकडा जेव्हा मर्यादेबाहेर असतो, म्हणजे गाईच्या दुधाला म्हशीची फॅट पडते किंवा एकाच सभासदाचं दूध एका वेळेला दोनदा भरलं जातं, तेव्हा सॉफ्टवेअर अडतं आणि पडद्यावर लाल ओळ येते. कुठली लाल ओळ का येते ते पाचव्या प्रकरणात होतं, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी 'पाहा' लिहून सहाव्या प्रकरणातल्या एका विभागाचा आकडा दिलेला होता. काय करायचं ते तिथं सांगितलेलं होतं.

हे 'पाहा' मला लहानपणापासून ओळखीचं. आमच्या वडिलांकडं चर्चच्या वाचनाचं जे जाड पुस्तक होतं, त्याच्या समासात बारीक आकडे असत. ह्या ओळीचा त्या ओळीशी काय संबंध आहे, ते सांगणारे. वडील मला मांडीशी बसवून ते आकडे शोधायला लावत. माझं पान चुकलं की म्हणत, "अरे, भलत्याच घरी जेवायला बसलास की!" मी ओशाळून पानं मागं उलटायचो. पुढं छापखान्यात तेच काम पोटापाण्याचं झालं. त्यामुळं पुस्तक लिहिताना मी सगळे संदर्भ असे बसवले होते, की एखादा विभाग वरखाली हलवला तरी 'पाहा'पुढचा आकडा आपोआप बदलावा.

पुस्तक पुरं झालं तेव्हा दौंडला एका मंगल कार्यालयात केंद्रचालकांचा मेळावा भरला. मुखपृष्ठ मी तिथंच पहिल्यांदा पाहिलं. 'लेखन व संपादन' असं लिहून त्याखाली मेहुण्याचं नाव होतं. त्याला शाल, नारळ आणि गुलाबाचा हार घातला गेला. मी तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी बायको होती. तिनंही वाजवल्या, भाऊच तो तिचा. घरी येताना ती म्हणाली, "त्याला सांगा ना, आपलंही नाव टाक म्हणून." मी म्हणालो, "नावात काय आहे." त्या रात्री काय किंवा पुढची दोन वर्षं काय, मला नावाशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं.

मग कंपनीनं मोबाईलचं अ‍ॅप काढलं. ती कल्पना मेहुण्याची. त्याबद्दलचं पान पुस्तकात घालायचं होतं. ते मागं परिशिष्टात गेलं असतं तरी चाललं असतं, पण फ्लेक्सवर ज्याला आपला फोटो सगळ्यांत वर लागतो तो माणूस पान मागं कशाला टाकेल? त्यानं माझं सगळं पुस्तक कॉपी करून कंपनीच्या नव्या साच्यात चिकटवलं. चिकटवताना माझे आपोआप बदलणारे आकडे साधे, टाईप केल्यासारखे झाले. मग सहाव्या प्रकरणाच्या अगदी सुरुवातीला त्यानं आपलं पान घातलं. जुनं ६.१ आता ६.२ झालं, ६.२ चं ६.३, आणि तसंच शेवटपर्यंत. पाचव्या प्रकरणातले सगळे 'पाहा' मात्र जुन्याच आकड्यांकडं बोट दाखवत राहिले. मला न दाखवता पुस्तक छापून केंद्रांवर गेलं.

बरेच महिने कुणाला पत्ता लागला नाही. केंद्रचालक पुस्तक उघडत नाहीत, फोन करतात. एक दिवस मेहुणा माझ्या टेबलाशी आला.

"दाजी, पुस्तकातले आकडे एकदा बघून घ्या. कुठंतरी गडबड आहे म्हणतात. तुमचं काम आहे ते, टिंबं मोजायचं."

मी बघायला बसलो. पहिल्या चार संदर्भांतच काय झालंय ते कळलं. ५.२ मध्ये होतं: 'फॅट मर्यादेपेक्षा जास्त. पाहा विभाग ६.३.' माझ्या पुस्तकात ६.३ म्हणजे 'नमुना पुन्हा घेणे': दूध तळापासून ढवळा, नमुना नव्यानं घ्या, परत तपासा. साधी गोष्ट. छापलेल्या पुस्तकात ते गेलं होतं ६.४ ला. आणि ६.३ वर येऊन बसलं होतं 'दूध नाकारणे': दूध परत करा, सभासदाचं खातं थांबवा, संशयास्पद दूध अशी नोंद करा.

आकडा तुटलेला असता, नुसती रिकामी जागा असती, तर वाचणारा थबकला असता. हा आकडा धडधाकट होता. तो विभाग पुस्तकात होता, वाचायला सरळ होता, आणि चूक होता. पाचव्या प्रकरणाच्या सुरुवातीला मीच लिहिलं होतं की मर्यादेत बसणारी प्रत्येक नोंद खरी असतेच असं नाही.

दोन दुपारींत मी सगळे संदर्भ दुरुस्त केले. एकेक आकडा धरून मागं गेलो, पुढं आलो, पुन्हा पाहिलं. फाईल तयार झाली. सगळे केंद्रचालक ज्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आहेत, त्यावर एक ओळ टाकायची होती: पाचव्या प्रकरणातला प्रत्येक संदर्भ एकानं वाढवून वाचावा. अंगठा नुसता दाबायचा होता.

तेवढ्यात पलीकडून मेहुण्याचा आवाज आला. तो फोनवर कुणाला तरी सांगत होता, "पुस्तकाचं टेन्शन घेऊ नका, अक्षर न् अक्षर मी लिहिलंय."

मी मोबाईल टेबलावर उपडा ठेवला.

दौंडचा मेळावा पुन्हा जवळ आला होता. तेच कार्यालय, तेच स्टेज. मला एकदम सगळं दिसलं, कसं करायचं ते. तोवर फाईल माझ्यापाशी राहील. मी स्वतःला सांगितलं, नाहीतरी पुस्तक कोण वाचतंय?

खोटं होतं ते. पुस्तक वाचणारा एक माणूस मला ठाऊक होता.

न्हावऱ्याच्या पुढं घोड नदीच्या काठाला एक गाव आहे. तिथल्या केंद्राचं मशीन एक पन्नाशीचे गृहस्थ चालवत. गाव त्यांना मामा म्हणे. त्यांचे आजोबा मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचे. मामा मात्र गावात स्थिरावलेले, थोडी शेती, दोन म्हशी आणि सकाळ-संध्याकाळ केंद्रावर बसायचं. मशीन बसवलं तेव्हा मी त्यांच्याबरोबर चार दिवस होतो. पुस्तक मी लिहिलंय हे त्या चार दिवसांत त्यांना कळलेलं. नवं पुस्तक गेलं तेव्हा त्यांनी पाचवं आणि सहावं प्रकरण सुटं करून झेरॉक्सवाल्याकडून प्लास्टिकमध्ये बंद करून घेतलं होतं आणि भोकं पाडून सुतळीनं मशीनच्या वर टांगलं होतं.

"पाव्हणं," त्यांनी मला फोनवर सांगितलं होतं, "तुमचं पुस्तक वाचतू मी. दुधाचा थेंब बी लागत न्हाई आता त्येला."

माझ्या लिखाणाबद्दल कुणी मला सांगितलेलं एवढंच.

मी फाईल दाबून बसलो होतो त्याच आठवड्यात ते घडलं. गावच्या दूध संस्थेच्या चेअरमनकडं लग्न होतं. घाईगर्दीत संध्याकाळचं दूध घालायचं राहून गेलं, ते फ्रिजमध्ये ठेवलं आणि चेअरमनची बायको सकाळी ते सकाळच्या दुधात घालून घेऊन आली. म्हशीचं दूध, वर सायीचा थर. नमुना वरचा घेतला गेला. फॅट मर्यादेच्या कितीतरी वर गेली आणि पडद्यावर लाल ओळ आली. मामांनी मान वर करून टांगलेलं पान वाचलं, ६.३ काढलं आणि त्यात लिहिलं होतं ते केलं. खातं थांबलं. भिंतीवरच्या लाल दिव्यांच्या बोर्डावर सभासद क्रमांकापुढं 'संशयास्पद दूध' अशी अक्षरं फिरली, ती रांगेतल्या सगळ्यांनी वाचली. आणि तोच मेसेज खात्याला जोडलेल्या नंबरावर, म्हणजे लग्नाच्या पाहुण्यांबरोबर चहा घेत बसलेल्या चेअरमनच्या मोबाईलवर गेला.

आमच्या भागात माणसाला चोर म्हटलेलं एक वेळ विसरलं जातं. दुधात भेसळ आहे म्हटलेलं विसरत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मेहुणा आणि मी केंद्रावर गेलो. चेअरमन दारातच उभे होते, लग्नातला फेटा तेवढा उतरवलेला, कपाळावर गंध तसंच.

"माझ्या बायकूच्या दुधात भेसळ?" ते म्हणाले. "व्याही बसलं हुतं म्होरं. व्याह्यानं वाचला मेसेज!"

मामा मशीनशेजारी उभे होते. बसले नव्हते. "आन् म्या काय मनानं केलं का?" त्यांनी सुतळी ओढून पानं खाली घेतली. "ह्ये बगा. पाच पॉइंट दोन. फॅट जास्त. पाहा सहा पॉइंट तीन. सहा पॉइंट तीन म्हंजी ह्ये. दूध परत करा, खातं थांबवा. हाय का न्हाई?"

मेहुण्यानं पानं हातात घेतली. एक पान, दुसरं पान. मग त्याची नजर क्षणभर माझ्याकडं आली आणि मला कळलं, त्याला कळलंय. आता काय बोलतो म्हणून मी थांबलो. त्यानं पानं मामांच्या हातात परत दिली.

"मामा, पुस्तक समजून वाचायचं असतं," तो म्हणाला. "मेंढरं मोजण्याइतकं सोपं नसतं ते."

दारातली माणसं हसली. मामांचा चेहरा कसा झाला ते मी सांगणार नाही. ते माझ्याकडं वळले.

"पाव्हणं, तुम्ही सांगा. तुम्हीच लिव्हलंय न्हवं?"

दुरुस्त फाईल माझ्या खांद्यावरच्या पिशवीत, लॅपटॉपमध्ये होती. मी बोललो असतो तर तिथल्या तिथं सगळं निवळलं असतं. पण तिथं माणसं किती, दहा-पंधरा. मेहुणा म्हणाला असता, दाजींची टायपिंगची चूक, आणि गाडीत बसला असता. मला तो एवढ्यावर सुटायला नको होता. मला दौंड हवं होतं.

"बघावं लागेल," मी म्हणालो.

चेअरमननी त्याच दिवशी मामांना मशीनवरनं उठवलं आणि आपल्या पुतण्याला बसवलं. परत येताना गाडीत मेहुणा म्हणाला, "काय गाव आहे, दाजी! खणलं तर तीन हजार वर्षांपूर्वीचे रांजण निघतात, पण धड वाचणारा एक माणूस निघत नाही." तो स्वतःच्या विनोदावर हसला. मी खिडकीतून उसाकडं बघत होतो आणि मनात म्हणत होतो, हस. अजून थोडे दिवस हस.

मधल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं. आमच्याकडं रीत आहे की कुणाशी मनात वाकडं असेल तर आधी ते मिटवावं, मग भाकरीला हात लावावा. मेहुणा माझ्या पुढच्याच बाकावर होता. त्यानं भाकर घेतली, डोळे मिटले. तबक माझ्यापाशी आलं तेव्हा मी ते तसंच पुढं सरकवलं. बायकोनं पाहिलं.

"बरं वाटत नाही का?" तिनं हळूच विचारलं.

"पोट ठीक नाही."

खरं सांगायचं तर पाळकसाहेब प्रार्थना करत होते तेव्हा मी प्रोजेक्टर कुठं ठेवायचा याचा विचार करत होतो. मामांचा विचार आला नाही असं नाही. आला. मी मनातच सांगितलं, थांबा मामा, सगळं एकदमच निस्तरतो. तुमचंही, माझंही.

मेळाव्याच्या दिवशी लॅपटॉप चालवायला मी बसलो. तसं मीच मागून घेतलं होतं. मामांच्या गावच्या चेअरमनना मी स्वतः फोन करून बोलावलं होतं आणि पहिल्या रांगेत बसवलं होतं. मामांना बोलावलं नव्हतं, ते आता केंद्रचालक नव्हते. मेहुणा माईकवर रंगात आला होता. अ‍ॅप झालं, नवी योजना झाली, मग त्यानं विचारलं, "कुणाला काही शंका?"

मी टेबलामागून हात वर केला.

"हे आमचे दाजी," तो माईकवर म्हणाला. "घरीसुद्धा जेवताना अशाच शंका काढतात. विचारा, दाजी."

हशा झाला. मी तो हशा पुरता ओसरू दिला.

"पुस्तक कुणी लिहिलंय?" मी विचारलं.

"घ्या! मुखपृष्ठावर आहे की. अक्षर न् अक्षर मी लिहिलंय."

"मग पाच पॉइंट दोन जरा वाचून दाखव. मोठ्यानं."

मी पडद्यावर पान लावलं. त्यानं वाचायला सुरुवात केली आणि 'पाहा' या शब्दापाशी अडखळला. तिथं त्याच्या लक्षात आलं. मी पुढचं पान लावून ठेवलेलंच होतं.

"सहा पॉइंट तीन," मी म्हणालो. "वाच."

"दाजी, हे आपण नंतर..."

"वाचा की हो!" पहिल्या रांगेतून चेअरमन ओरडले. ते उठून उभे राहिले होते.

त्यानं वाचलं. दूध परत करावे. सभासदाचे खाते थांबवावे. माईक चालू होता, त्याचा श्वाससुद्धा शेवटच्या रांगेपर्यंत गेला. मग मी माझं पान लावलं, ६.४, ढवळून नमुना पुन्हा घेणे, आणि सांगितलं की हे विभाग असे एकेक घर पुढं का सरकले, कुणाचं पान आधी घालण्यासाठी सरकले. मी एक शब्दही चढवून सांगितला नाही. गरजच नव्हती. कंपनीचे मालक स्टेजवर बसले होते. ते नुसते मेहुण्याकडं बघत राहिले.

मेहुणा खाली उतरला आणि माझ्या टेबलाशी वाकून, माईकशिवाय म्हणाला, "घरी सांगायचं होतं, दाजी."

त्याच्या कपाळावर घाम होता. मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं. लग्नात नाही, पोरगी झाली तेव्हा नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण ते तसंच होतं, आणि आजही पारगावच्या पुलावर गाडी आली की कधीकधी मी तो प्रसंग पुन्हा पहिल्यापासून लावतो आणि मी 'वाच' म्हटल्यानंतरचा त्याचा चेहरा आठवून बघतो.

मालकांनी त्याला प्रमुखपदावरनं काढून लांबच्या तालुक्यात विक्रीच्या कामाला पाठवलं. नव्या छपाईवर माझं नाव आलं. तिसऱ्या दिवशी बायको कणीक मळताना म्हणाली, "त्याची चूक होती. मी नाही म्हणत नाही. पण त्या दिवशी सकाळी तुम्ही शर्ट स्वतः इस्त्री केला होतात. तेवढा बघून शर्ट तुम्ही आपल्या लग्नातसुद्धा घातला नव्हता."

नवी पानं केंद्रांवर पोचवायचं काम माझ्याकडं आलं. मामांच्या गावी मी सगळ्यांत आधी गेलो. मशीनवर पुतण्याच होता. चेअरमननी मामांना परत या म्हणून निरोप धाडला होता, मामा आले नव्हते. ते रानात कांद्याला पाणी देत होते. मी बांधावर उभा राहून त्यांना दौंडची सगळी हकिकत सांगितली. सांगताना माझा आवाज चढला असावा, कारण पलीकडच्या वाफ्यातली बाईसुद्धा खुरपं थांबवून ऐकू लागली. मामांनी फावड्यानं वाफ्याचं दारं मोडून पाणी दुसऱ्या वाफ्यात सोडलं.

"झ्याक केलंत," ते म्हणाले. मग फावड्यावर हात ठेवून उभे राहिले. "एक सांगा. चूक तुम्हाला कवा घावली?"

मी पायानं बांधावरचं ढेकूळ फोडलं.

"म्हंजी, केंद्रावर आला हुता तवा म्हाईत हुतं?"

"होतं."

"त्येच्या आदी?"

"त्याच्याही आधी. दोन-तीन दिवस."

मामांनी मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी. "मग मला मशीनवरनं उठिवलं त्ये मेव्हण्यानं न्हाई, पाव्हणं."

"मी मेळाव्यात सगळ्यांसमोर सांगितलं, मामा, की तुम्ही बरोबर वाचलं होतं..."

"दौंडला!" ते म्हणाले. "दौंडात मला कोण वळखतंय? मी हिथं रांगंत उभा राहतू दूध घालाया. हिथली पोरं मला 'संशयास्पद' म्हनून हाका मारत्यात. त्यास्नी काय तुमचं प्रोजेक्टर दिसलं?"

मी म्हणालो, मालकांकडून पत्र आणतो. त्यांनी हात झटकला.

"पत्र नगं. उद्या सकाळी रांगंत या. जितं मला हसली, तितं बोला. मग बगू मशीनचं."

दुसऱ्या दिवशी मी केडगावहून उजाडता निघालो. केंद्रापुढं कॅन, किटल्या, बरण्या घेऊन रांग लागलेली. चेअरमनची बायकोही होती. मामा आपली किटली घेऊन रांगेतच उभे होते, मध्यावर. पुतण्यानं मशीन थांबवलं आणि सगळे माझ्याकडं बघू लागले. दौंडला मला जे जमलं होतं, ते इथं पायरीवर उभं राहून जमेना. मी सुरुवात केली, की आमच्या कंपनीच्या पुस्तकात चूक झाली होती, माझ्या मेहुण्यानं एक पान पुढं घातलं आणि त्यामुळं...

"त्यांचं ऱ्हाऊ द्या," मामा रांगेतनं म्हणाले. "तुमचं सांगा."

मग मी माझं सांगितलं. चेअरमनच्या घरच्या ह्या ताईंच्या दुधात काही नव्हतं. मामांनी पुस्तकात होतं तेच केलं. पुस्तक चुकलं आहे हे मला आधीच माहीत होतं, आणि मामांनी मला इथं, ह्या दारात विचारलं तेव्हाही माहीत होतं. मी बोललो नाही. दुसऱ्या एका माणसाचा सूड घ्यायचा होता म्हणून बोललो नाही.

चेअरमनच्या बायकोनं माझ्याकडं अशी नजर टाकली की मी पायरी उतरलो. मग मागनं एक म्हातारी म्हणाली, "झालं का समद्यांचं? दूध नासंल माझं."

रांगेत हसू फुटलं. मामा हसले नाहीत. ते आत गेले, पुतण्या उठला, आणि ते खुर्चीवर बसले. मशीनवर टांगलेली जुनी पानं त्यांनी सुतळी कापून खाली काढली आणि माझ्या हातात दिली. मी पिशवीतनं नवी पानं काढून त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी ती हातात घेतली नाहीत.

"आता असं करा," ते म्हणाले. "यातलं एकेक 'पाहा' मला काढून दावा. बोट ठिवून. मोठ्यानं वाचा."

"मामा, मी सगळे तपासलेत. दोनदा."

"त्या दिशी बी तपासलेलं हुतंच की. बोलला का?"

मी मशीनच्या कडेला उभा राहिलो. पाच पॉइंट एक, पाहा सहा पॉइंट दोन. पान उलटलं, बोट ठेवलं, वाचलं. रांग पुढं सरकत होती, मामा दूध ढवळून नमुना घेत होते, आकडा भरत होते, पावती फाडून देत होते, आणि मधूनच माझ्याकडं न बघता म्हणत होते, "म्होरं." चहा आला, तो सगळ्यांना दिला गेला, मला नाही. चेअरमनच्या बायकोची पाळी आली तेव्हा मी नेमका पाच पॉइंट दोनवर होतो. मामांनी मान वर केली.

"ह्ये जरा जोरात वाचा," ते म्हणाले.

मी जोरात वाचलं.